लॉक केलेला जीनोम डेटा उघडायचा कसा: जीपीजी, क्रिप्ट४जीएच आणि एनसीबीआयच्या फाइल्स

डेटा ॲक्सेसचा अर्ज मंजूर होतो, मेल येतो, आपण रात्रभर डाउनलोड लावून ठेवतो, आणि सकाळी फोल्डर उघडावा तर प्रत्येक फाइलच्या मागे एक अनोळखी शेपूट लागलेलं, कुठे .जीपीजी, कुठे .सी४जीएच, कुठे .एनसीबीआय_ईएनसी. सॅमटूल्स या जीनोमच्या फाइल्स वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ती फाइल दिली की ते सरळ सांगतं ही बॅम (जीनोमवर जुळवलेल्या डीएनए तुकड्यांची फाइल) नाहीच. मग घाईघाईत भलतंच सॉफ्टवेअर टाकायचं, भलत्याच किल्लीने उघडून बघायचं, डाउनलोडच खराब झालं असेल म्हणून पुन्हा शंभर जीबी ओढायचे, असे दोन-तीन दिवस सहज जातात. खरं तर काम थोडक्यात होणारं आहे आणि लागणारी सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत. फक्त एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा: ही फाइल कोणत्या किल्लीसाठी लॉक केलीये आणि ती किल्ली आत्ता, या मशीनवर, माझ्याकडे आहे का? याचं उत्तर मिळालं की पुढचं सगळं दोन-तीन कमांडचं काम आहे.

मी माणसांच्या जीनोम डेटाबद्दल लिहितेय, कारण लॉक केलेल्या फाइल्स सगळ्यात जास्त तिथेच भेटतात. पुण्या-मुंबईतल्या लॅबमधली मुलं युरोपच्या ईजीएमधून नाहीतर अमेरिकेतल्या एनसीबीआयच्या डीबीगॅपमधून डेटा मागवतात (दोन्ही अर्ज करूनच मिळणाऱ्या जीनोम डेटाचे संग्रह), बाहेर पीएचडी करणारे आपले कितीतरी जण रोज हेच करतात, आणि ९ जानेवारी २०२५पासून जीनोम इंडियाचा १०,००० जीनोमचा डेटा अर्ज करणाऱ्या संशोधकांना मिळायला लागलाय, तो फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमधे ठेवलाय. म्हणजे हे काम वाढतच जाणार.

हे कुलूप उगाच लावलेलं नाही हे आधी मनात पक्कं करा. मार्च २०१३मधे जर्मनीतल्या ईएमबीएल या संशोधन संस्थेच्या टीमने हीला नावाच्या, लॅबमधे वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या पेशींचा जीनोम सगळ्यांसाठी खुला टाकला. त्या पेशी १९५१मधे हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या गाठीतून त्यांना न विचारता घेतलेल्या, त्याच वर्षी त्या गेल्या, आणि हा जीनोम टाकतानासुद्धा त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं नव्हतं. आजीचा जीनोम उघडा म्हणजे नातवंडांचाही बराचसा उघडाच की! आरडाओरडा झाला, डेटा काढून घेतला, आणि ऑगस्ट २०१३मधे एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने कुटुंबाशी करार केला: डेटा डीबीगॅपमधे कुलपात राहील, अर्ज करूनच मिळेल, आणि अर्ज तपासणाऱ्या गटात लॅक्स कुटुंबातली माणसंही असतील. त्याच्याही आधी २००८मधे एका पेपरने दाखवलं होतं की शेकडो लोकांच्या डीएनएची नुसती एकत्र आकडेवारी असली तरी एखादी ठरावीक व्यक्ती त्या गटात होती का हे ओळखता येऊ शकतं, आणि एनआयएचने तसे एकत्रित निकालसुद्धा खुल्या वेबसाइटवरून काढून घेतले. त्यामुळे फाइल उघडणं हे अर्धंच काम, उघडल्यावर ती कुठे पडून राहते हे उरलेलं अर्धं, आणि त्याबद्दल मी खाली सविस्तर लिहिलंय, ते वगळू नका.

एक सूचना. कमांड मी देवनागरीत लिहितेय, वाचायला सोप्या जाव्यात म्हणून, टर्मिनलमधे अर्थातच इंग्लिश स्पेलिंगने टाकायच्या. दोन हायफन दिसले तर दोनच द्यायचे, आणि कमांड वर्ड किंवा व्हॉट्सॲपमधून कॉपी करू नका, ते दोन हायफनचा एक लांब डॅश करून टाकतात आणि मग कमांड चालत नाही.

आधी कुलूप ओळखा

बहुतेक वेळा शेपटावरूनच कळतं. .जीपीजी, .पीजीपी किंवा .एएससी असेल तर जीपीजी. .सी४जीएच असेल तर क्रिप्ट४जीएच. .एनसीबीआय_ईएनसी असेल तर ती डीबीगॅपची फाइल, एनसीबीआयच्याच एसआरए टूलकिटने उघडायची. शंका असेल तर लिनक्सवर 'फाइल' ही कमांड चालवा, जीपीजीची असेल तर ती पीजीपी असं सांगते. क्रिप्ट४जीएचची ओळख त्याहून सोपी:

हेड -सी ८ सॅम्पल१.बॅम.सी४जीएच

फाइलचे पहिले आठ बाइट छापले जातात आणि स्क्रीनवर चक्क 'क्रिप्ट४जीएच' हीच आठ अक्षरं दिसतात. ती दिसली नाहीत तर शेपूट काहीही असो, ती फाइल क्रिप्ट४जीएचची नाही. कधी कधी तिथे एचटीएमएलची सुरुवात दिसते, म्हणजे लॉगिन संपलं होतं आणि तुम्ही डेटाच्या जागी लॉगिन पेजच डाउनलोड करून बसलात. फाइलची साइज दोन-चार केबी असेल तर हाच प्रकार समजा.

यानंतर लगेच चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा, तो जुळला की फाइल जशीच्या तशी आलीये. डेटाबरोबर एमडी५ किंवा शा२५६ची यादी येते, ती कोणत्या फाइलची आहे ते नीट बघा, लॉक केलेल्या फाइलची की उघडलेल्या फाइलची. काही ठिकाणी दोन्ही देतात. लॉक केलेल्याची असेल तर डिक्रिप्ट करायच्या आधी जुळवा, आत्ताच कळलेलं बरं की डाउनलोड अर्धवट आहे, नाहीतर तीन तास डिक्रिप्ट होऊन शेवटी एरर येतो आणि दोष किल्लीला दिला जातो.

किल्लीची गोष्ट, एकदाच आणि नीट

पब्लिक की आणि प्रायव्हेट की यात लोक इतके गोंधळतात की देणाऱ्याला प्रायव्हेट की मेल करून मोकळे होतात. देवळातली दानपेटी आठवा, वरच्या फटीतून कोणीही पैसे टाकू शकतं पण पेटी उघडायची किल्ली ट्रस्टींकडेच असते. तुमची पब्लिक की ही ती फट, ती बिनधास्त वाटा, डेटा देणारा तिच्यातून डेटा आत टाकतो. प्रायव्हेट की म्हणजे ट्रस्टींची किल्ली, ती कोणालाही द्यायची नाही, गाइडला नाही, आयटीवाल्यालाही नाही. आणि एकदा डेटा लॉक झाला की देणाऱ्यालासुद्धा ती लॉक केलेली फाइल परत उघडता येत नाही, जोपर्यंत त्याने स्वतःची की पण बरोबर घातलेली नाही.

यातून एक साधी गोष्ट निघते. लॅपटॉप फॉरमॅट करताना, लिनक्स नव्याने टाकताना किंवा जुन्या लॅबमधून नव्या लॅबमधे जाताना प्रायव्हेट की मागे राहिली तर ती फाइल तुमच्यासाठी कायमची बंद. कुठलाही क्रॅकर, कुठलंही पैसे घेणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर एईएस-२५६ उघडून देत नाही, तसं सांगणारे फसवतात. देणाऱ्याला नवी पब्लिक की पाठवा आणि परत लॉक करून मागा, दुसरा मार्ग नाही. पासफ्रेज, म्हणजे प्रायव्हेट की वापरताना लागणारा लांब पासवर्ड, विसरलात तरी तेच.

जीपीजी

हे सगळ्यात जुनं आणि सगळीकडे चालणारं. फिल झिमरमनने १९९१मधे पीजीपी काढलं, जर्मनीतल्या वर्नर कॉखने त्याला पर्याय म्हणून मोफत जीएनयू प्रायव्हसी गार्ड लिहिलं, १९९९मधे त्याची १.० आवृत्ती आली, आणि आजही सिक्वेन्सिंग सेंटरवाले हार्ड डिस्क पाठवताना बरेचदा यानेच लॉक करून पाठवतात.

उबुंटूवर हे आधीपासूनच असतं. विंडोजवर जीपीजी४विन टाका, त्याच्यातच क्लिओपात्रा नावाचं खिडक्या-बटणांचं सॉफ्टवेअर येतं. मॅकवर जीपीजी सूट, त्यातला मेलचा भाग तेवढा पैसे मागतो, तो आपल्याला नकोच आहे. डाउनलोड अधिकृत साइटवरूनच करा, एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर कुठल्यातरी फ्री सॉफ्टवेअर वाटणाऱ्या साइटवरून घेण्यात काय अर्थ आहे?

की अजून बनवली नसेल तर:

जीपीजी --फुल-जनरेट-की

प्रकार विचारला की देणाऱ्याने काही सांगितलं नसेल तर आरएसए ४०९६ घ्या. नव्या आवृत्त्या एलिप्टिक कर्व्हची की सुचवतात, ती लहान आणि चांगली आहे, पण समोरच्याकडे जुनं सॉफ्टवेअर असलं तर अडतं आणि तुमचा आठवडा मेलामेलीत जातो. मुदत दोन वर्षं ठेवा, संपत आली की वाढवता येते, आणि मुदत संपलेल्या कीने जुन्या फाइल्स उघडायला काही अडचण येत नाही, फक्त नव्याने लॉक करताना ती नाकारली जाते. मग पब्लिक की बाहेर काढा:

जीपीजी --आर्मर --एक्स्पोर्ट तुमचा-ईमेल

हे जे टेक्स्ट छापलं जाईल तेवढंच देणाऱ्याला पाठवायचं. बरोबर फिंगरप्रिंट, म्हणजे कीची छोटी ओळखही सांगा, ते ४० अक्षरांचं असतं, आणि शक्य असेल तर फोनवर वाचून जुळवून घ्या, कारण मधल्यामधे कोणी की बदलली तर डेटा त्याच्यासाठी लॉक होईल. प्रायव्हेट कीचा बॅकअप --एक्स्पोर्ट-सीक्रेट-कीज ने काढा, पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह कुलपात ठेवा.

आता फाइल आली. उघडायच्या आधी ती कोणासाठी लॉक आहे ते विचारा:

जीपीजी --लिस्ट-ओन्ली --लिस्ट-पॅकेट्स सॅम्पल१.बॅम.जीपीजी

यात डिक्रिप्ट होत नाही, नुसती वरची माहिती निघते, त्यामुळे शंभर जीबीच्या फाइललाही लगेच उत्तर येतं. तिथे 'पबकी ईएनसी पॅकेट' अशी ओळ असेल आणि पुढे 'कीआयडी' असेल तर ती कोणाच्यातरी पब्लिक कीने लॉक केलीये. 'सिमकी ईएनसी पॅकेट' असेल तर नुसत्या पासफ्रेजने लॉक केलीये, म्हणजे तुमच्या कीचा इथे संबंध नाही, देणाऱ्याकडून पासफ्रेज मागा.

आता तो कीआयडी आपल्याकडे आहे का बघायचं:

जीपीजी --लिस्ट-सीक्रेट-कीज --कीआयडी-फॉरमॅट लाँग

आणि इथेच बहुतेक जण फसतात. स्क्रीनवर एक 'एसईसी' ची ओळ येते, खाली 'एसएसबी' ची. एसईसी म्हणजे मुख्य की, ती सह्या करायला. एसएसबी म्हणजे सबकी, डेटा लॉक होतो तो या सबकीने. फाइलमधला कीआयडी एसएसबीच्या ओळीशी जुळवायचा असतो, लोक एसईसीशी जुळवतात, जुळत नाही, आणि देणाऱ्याला तावातावाने मेल जातो की तुम्ही चुकीच्या कीने लॉक केलंय. आधी एसएसबीची ओळ बघा, मग मेल करा. अजून एक, एसईसी किंवा एसएसबीच्या पुढे # चिन्ह असेल तर नाव यादीत दिसतंय पण त्या ओळीची खरी प्रायव्हेट की या मशीनवर नाही, ती जुन्या मशीनवरून --इम्पोर्ट करून आणावी लागेल. आणि 'ट्रस्ट' च्या वॉर्निंगला घाबरू नका, डिक्रिप्ट करायला ट्रस्ट लागत नाही, प्रायव्हेट की असली की झालं.

सगळं जुळलं तर:

जीपीजी --आउटपुट सॅम्पल१.बॅम --डिक्रिप्ट सॅम्पल१.बॅम.जीपीजी

आउटपुट आधी आणि डिक्रिप्ट नंतर, हा क्रम पाळा. आउटपुट द्यायचं विसरलं तर सगळी बायनरी फाइल टर्मिनलवर धो-धो वाहत येते, काही बिघडत नाही, कंट्रोल-सी मारा आणि परत करा. खूप फाइल्स असतील तर --डिक्रिप्ट-फाइल्स देऊन *.जीपीजी द्या, मागचं .जीपीजी काढून टाकून तो स्वतःच नावं ठेवतो. क्लिओपात्रामधे 'डिक्रिप्ट/व्हेरिफाय' दाबून फाइल निवडायची, झाल्यावर 'सेव्ह ऑल' दाबायला विसरू नका. वीस-तीस जीबीच्या वरच्या फाइल्सना मात्र मी विंडोजवरही कमांडच वापरायला सांगते, काय चाललंय ते दिसतं आणि मधे बंद पडलं तर कारण कळतं.

टार करून (अनेक फाइल्स एकीत बांधून) लॉक केलेली मोठी फाइल असेल आणि जागा कमी असेल तर मधली टार फाइल बनवायचीच नाही, जीपीजीचं आउटपुट सरळ पाइपने टारला द्यायचं:

जीपीजी --डिक्रिप्ट बॅच१.टार.जीपीजी | टार एक्सएफ -

पण यात एक लक्षात ठेवायचं, जीपीजी डेटा बाहेर टाकत जातो आणि फाइल मधे बदललेली नाही ना याची तपासणी अगदी शेवटी पूर्ण होते. म्हणजे फोल्डरमधे फाइल्स दिसतायत म्हणून काम झालं असं नाही, शेवटी जीपीजीने एरर दिला का ते बघायचंच. दिला असेल तर निघालेलं सगळं टाकून द्या.

एररमधे तीन-चारच नेहमीचे. 'नो सीक्रेट की' म्हणजे वर सांगितलं तेच, की नाही, सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काही होणार नाही. 'बॅड सेशन की' म्हणजे पासफ्रेज चुकलाय, बरेचदा कॉपी करताना शेवटी एक स्पेस आलेली असते किंवा मेल ॲपने साधं अवतरणचिन्ह बदलून वाकडं केलेलं असतं, एकदा हाताने टाइप करून बघा. 'नो व्हॅलिड ओपनपीजीपी डेटा फाउंड' म्हणजे फाइलच जीपीजीची नाही, ते लॉगिन पेज असेल किंवा जुन्या एफटीपी सॉफ्टवेअरने टेक्स्ट मोडमधे ओढून फाइल बिघडवली असेल, मोड बायनरी करून परत ओढा. आणि चौथा, सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन केल्यावर हमखास येणारा, 'इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस'. नाव भयंकर आहे पण अर्थ एवढाच की पासफ्रेज विचारायला जीपीजीला स्क्रीन सापडत नाही. त्याला हे द्या आणि परत चालवा:

एक्स्पोर्ट जीपीजी_टीटीवाय=$(टीटीवाय)

सर्व्हरचा विषय निघालाच आहे तर, एकदा दिलेला पासफ्रेज जीपीजी-एजंट लक्षात ठेवतो, ठरलेली सेटिंग बदलली नसेल तर शेवटच्या वापरापासून १० मिनिटं. म्हणून दुसऱ्या फाइलला तो विचारत नाही, आणि लोकांना वाटतं लॉकच नव्हतं. सगळ्यांच्या वापरातल्या मशीनवर काम झालं की उठताना जीपीजीकॉन्फ --किल जीपीजी-एजंट मारा. आणि तिथे आपली रोजची मुख्य की नेऊच नका, प्रोजेक्टसाठी वेगळी की बनवा, प्रोजेक्ट संपला की ती मोडीत काढता येते.

एका सेंटरकडून आमच्याकडे एकदा डिस्क आली, फाइल्स पासफ्रेजने लॉक केलेल्या, आणि पासफ्रेज त्याच डब्यात चिठ्ठीवर. कुरियरवाल्याने डबा हरवला असता तर पेशंटांचा सगळा डेटा चिठ्ठीसकट गेला असता. असं कोणी पाठवलं तर गप्प बसू नका, त्यांना स्पष्ट सांगा की पासफ्रेज वेगळ्या मार्गाने द्या, फोनवर किंवा सिग्नल ॲपवर, किंवा सरळ माझ्या पब्लिक कीने लॉक करा.

क्रिप्ट४जीएच

जीपीजीची एक मोठी अडचण आहे. शंभर जीबीच्या बॅममधून तुम्हाला फक्त बीआरसीए१ या जीनचा भाग हवाय, तरी पूर्ण फाइल उघडावी लागते. म्हणून जीए४जीएच या संस्थेने जीनोम डेटासाठी वेगळा फॉरमॅट काढला. यात डेटाचे ६४ केबीचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा लॉक होतो, वर १२ बाइटचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) आणि मागे १६ बाइटची तपासणीची खूण, म्हणजे ६५,५३६ बाइटचा तुकडा लॉक झाल्यावर ६५,५६४ बाइटचा होतो. त्यामुळे कितव्या बाइटपासून हवंय हे माहीत असलं की तेवढेच तुकडे उघडता येतात. आणि सगळ्या तुकड्यांची किल्ली फाइलच्या वरच्या छोट्या हेडरमधे असते, दुसऱ्या माणसाला द्यायचं तर फक्त हेडर बदलायचं, शंभर जीबी परत लॉक करायची गरज नाही. मला हा फॉरमॅट मनापासून आवडतो, ज्याने हा विचार केला त्याने खरंच मोठ्या फाइल्सवर काम केलं असणार.

ईजीए म्हणजे युरोपियन जीनोम-फिनोम आर्काइव्ह, २००८पासून चालू आहे, इंग्लंडमधल्या हिंक्सटनचं ईएमबीएल-ईबीआय आणि बार्सिलोनाचं सीआरजी मिळून चालवतात. तिथून एसएफटीपीने डेटा घेतलात तर तो तुमच्या पब्लिक कीने लॉक होऊन येतो. म्हणजे आधी की बनवून तुमच्या ईजीए अकाउंटमधे घालायची, मग डाउनलोड. पायईजीए३ नावाच्या त्यांच्याच टूलने घेतलात तर फाइल उघडूनच हातात येते, तिथे हे काही करावं लागत नाही, पण उघडलेल्या फाइलच्या जबाबदाऱ्या, ज्या खाली लिहिल्यात, लगेच चालू होतात.

पायथन असेल तर पिप इन्स्टॉल क्रिप्ट४जीएच, शक्यतो वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधे. की बनवायची:

क्रिप्ट४जीएच-कीजेन --एसके माझी.सेक --पीके माझी.पब

.पब वाटायची, .सेक जपायची, पासफ्रेज विचारेल तो रिकामा ठेवू नका. तुमच्याकडे एसएसएचची ईडी२५५१९ की असेल तर तीही चालते, आरएसएची एसएसएच की मात्र चालत नाही, हे खूप जणांचं अडतं. उघडायला:

क्रिप्ट४जीएच डिक्रिप्ट --एसके माझी.सेक < सॅम्पल१.बॅम.सी४जीएच > सॅम्पल१.बॅम

बाणांची दिशा बघून घ्या. हे टूल फाइलचं नाव घेत नाही, डावीकडून आत आणि उजवीकडून बाहेर असं चालतं. बाण उलटे पडले तर शेल तुमची ओढून आणलेली मूळ फाइलच रिकामी करून टाकतं, म्हणून डाउनलोड केलेल्या फाइल्सना आधी सीएचमॉड ४४४ करून ठेवा, कोणी लिहू शकत नाही. थोडाच भाग हवा असेल तर --रेंज देऊन सुरुवात आणि शेवट द्यायचा, हे बाइटचे आकडे आहेत, क्रोमोसोमवरच्या जागा नव्हेत.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक तुकड्याची स्वतःची तपासणी होते, पण फाइल इथे संपली असं सांगणारी खूण या फॉरमॅटमधे नाही. म्हणजे डाउनलोड नेमकं तुकड्याच्या हद्दीवर तुटलं तर एररशिवाय अर्धीच फाइल उघडून मिळू शकते. म्हणून चेकसम जुळवा, आणि उघडल्यावर बॅमला सॅमटूल्स क्विकचेक चालवा, ते बॅमच्या शेवटी असलेला २८ बाइटचा खास ब्लॉक आहे का ते बघतं. फास्टक्यूच्या, म्हणजे सिक्वेन्सरमधून आलेल्या कच्च्या डेटाच्या, .जीझेड फाइल असतील तर जीझिप -टी.

डीबीगॅपच्या फाइल्स

इथे तुम्ही की बनवतच नाही. अर्ज मंजूर झाला की प्रोजेक्टच्या पानावरून एक .एनजीसी फाइल मिळते, नाव 'पीआरजे_' आणि पुढे प्रोजेक्टचा नंबर असं काहीतरी असतं, तीच किल्ली. ती गाइडला किंवा त्यांनी नेमलेल्या माणसालाच उतरवता येते, म्हणून उगाच स्वतःच्या लॉगिनमधे शोधत बसू नका. एसआरए टूलकिट नवीन आवृत्तीचं टाका, जुन्या आवृत्तीत हे सगळं वेगळ्या पद्धतीने, आधी कॉन्फिगमधे किल्ली इम्पोर्ट करून आणि ठरावीक फोल्डरमधे बसून करावं लागायचं, नेटवर सापडणाऱ्या निम्म्या सूचना त्याच काळातल्या आहेत. आता:

व्हीडीबी-डिक्रिप्ट --एनजीसी पीआरजे_नंबर.एनजीसी लॉक-फाइल उघडलेली-फाइल

दुसरं नाव दिलं नाही तर मूळ फाइलच्या जागीच उघडते, मूळ हवी असेल तर दुसरं नाव द्याच. हे फिनोटाइपच्या टेबल्स, जीनोटाइपच्या फाइल्स यांच्यासाठी. .एसआरए फाइल्स मात्र अशा उघडायच्या नाहीत, एनसीबीआय स्वतःच नको म्हणतं. फास्टरक्यू-डंपला --एनजीसी देऊन सरळ फास्टक्यू काढा, तो आतल्या आत उघडतो.

उघडल्यावर

आधी जागा. ३०एक्सची (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचलेली) एक पूर्ण जीनोमची बॅम सहज ऐंशी-शंभर जीबी असते, लॉक केलेली तेवढीच, उघडलेली तेवढीच, वर सॉर्ट करताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइल्स. डिस्क मधेच भरली की अर्धवट फाइल राहते आणि नंतर कोणीतरी तीच पूर्ण समजून वापरतं. म्हणून अडीच-तीन पट जागा आधी बघून घ्या.

मग परवानग्या. सर्व्हरवर डिक्रिप्ट करायच्या आधी त्याच टर्मिनलमधे युमास्क ०७७ द्या, नव्या फाइल्स फक्त तुम्हालाच वाचता येतील. नंतर सीएचमॉड करू म्हटलं तर ते तीन तास फाइल सगळ्या लॅबला उघडी असते. /टीएमपी मधे काही काढू नका, तिथे सगळ्यांचा वावर.

लॅपटॉपवर करणार असाल तर सगळ्यात मोठा धोका वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्हचा. विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर बरेचदा आपोआप वनड्राइव्हला जोडलेले असतात, तुम्ही फाइल डेस्कटॉपवर उघडली की ती निघाली क्लाउडवर, आणि करारात तुम्ही सही केलेली असते की मंजूर जागेबाहेर डेटा जाणार नाही. सिंक बाहेरचा फोल्डर वापरा, आणि तोही व्हेराक्रिप्टच्या कंटेनरमधे असेल तर उत्तम. व्हेराक्रिप्ट फुकट आहे, मोठी फाइल बनवतं जी पासवर्ड दिला की ड्राइव्हसारखी दिसते, काम झालं की डिसमाउंट केली की बंद. लिनक्सवर लक्सने पूर्ण डिस्कच एन्क्रिप्ट करा. डीबीगॅपसारख्या एनआयएचच्या बंदिस्त डेटासाठी तर २५ जानेवारी २०२५पासून मशीनची सुरक्षा एनआयएसटीच्या ८००-१७१ या मानकाप्रमाणे लागते, ते एकट्या विद्यार्थ्याचं काम नाही, आयटी विभागाला अर्ज करायच्या आधीच बरोबर घ्या.

कंटेनर वापरायचं अजून एक कारण आहे. एसएसडीवर फाइल डिलीट करून वर श्रेड (जुन्या डेटावर कचरा लिहून पुसणारी कमांड) मारलं तरी जुना डेटा चिपवर कुठेतरी राहू शकतो, कारण एसएसडी त्याच जागेवर परत लिहीत नाही. सुरुवातीपासून एन्क्रिप्टेड जागेतच उघडलं असेल तर ही चिंताच राहत नाही, शेवटी कंटेनर आणि त्याचा पासवर्ड दोन्ही गेले की आतलं कोणालाच वाचता येत नाही.

प्रोजेक्ट संपला की बहुतेक करारात डेटा नष्ट करून तसं लेखी कळवावं लागतं. तेव्हा आठवत बसायला नको म्हणून डिक्रिप्ट करतानाच एक साधी टेक्स्ट फाइल चालू ठेवा: कोणती फाइल, कोणत्या मशीनवर, कोणत्या फोल्डरमधे, कोणत्या तारखेला उघडली, आणि तिच्या कॉपी कोणी कुठे केल्या. व्हीसीएफ, म्हणजे डीएनएमधले फरक नोंदवलेली फाइल, काढून सहकाऱ्याला दिली असेल तर तीही लिहा, तीसुद्धा त्याच माणसांचा डेटा आहे आणि तीही पुसावी लागणार.